पंपावर भेसळीची शंका आली तर गाडी हलवायच्या आधी काय काय करायचं

दर पावसाळ्यात माझ्याकडे तेच मेसेज येतात. पेट्रोल भरलं, दोन किलोमीटरवर गाडी बंद पडली, मेकॅनिकने टाकी उघडली, बाटलीत काढून दाखवलं, व्हिडिओ केला, ग्रुपवर टाकला, आता पुढे काय? पुढे काहीच नाही, खरं सांगतो. कारण भेसळीचा पुरावा तुमच्या टाकीत नसतो, तो पंपावर असतो, आणि तुम्ही तिथून निघालात की पंपवाला एवढंच म्हणतो की साहेब, आमच्याकडून नेल्यावर तुम्ही त्यात काय टाकलं आम्हाला काय माहीत. आणि कायद्याने बघितलं तर त्याचं बरोबर असतं.

मी स्वतः हेच करून बसलोय. जुलै महिना, रिमझिम चालू, स्कूटरमध्ये दोन लिटर टाकलं, बिल घेतलं नाही (कोण घेतं?), पुढच्या चौकात गाडी खोकायला लागली आणि मेली. ढकलत गॅरेजला नेली, सगळं काढून झाल्यावर बाटली घेऊन पंपावर भांडायला गेलो. मॅनेजर शांतपणे म्हणाला, बिल दाखवा. संपला विषय.

तर आता क्रमाने. क्रम बदलू नका, बहुतेकांचं तिथेच चुकतं.

१. आधी ठरवा, तक्रार नक्की कशाची आहे

लोक सगळ्यालाच भेसळ म्हणतात, पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांचे दरवाजेही वेगळे आहेत.

पहिली खरी भेसळ, म्हणजे पेट्रोलमध्ये रॉकेल, नाफ्था (पेट्रोलसारखंच हलकं तेल) किंवा सॉल्व्हंट (रंग-केमिकलवाले वापरतात तो द्राव), डिझेलमध्ये रॉकेल, जळकं ऑईल, नाहीतर हायवेला 'बायोडिझेल' म्हणून विकतात ते कसलं तरी इंडस्ट्रियल तेल. याची तक्रार तेल कंपनी आणि पुरवठा विभागाकडे. दुसरी मापात मारणं. पेट्रोल चांगलं आहे पण कमी दिलं, हे काम वैधमापन शास्त्र विभागाचं. तिसरी पाणी.

पाण्याचं जरा नीट समजून घ्या. आता आपल्याकडे सगळीकडे ई२० मिळतं, म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही भेसळ नाही, सरकारनेच ठरवलेलं आहे, आवडो न आवडो. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते आपल्यात मुरवून घेतं, दिसतही नाही, मात्र प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं आणि खाली एक वेगळा थर तयार होतो. इंजिनला तोच थर आधी मिळतो आणि गाडी बंद पडते. म्हणजे बाटलीत खाली जो 'अर्धं पाणीच आहे हो' वाला थर दिसतो ते सगळं पाणी नसतं, बरंचसं इथेनॉल असतं. दोष पंपाच्या टाकीत पाणी शिरण्याचा असू शकतो, आणि तुमच्या गाडीच्या टाकीचं झाकण ढिलं असून पाऊस आत जाण्याचाही असू शकतो. पंपावर जायच्या आधी झाकणाचं रबर बघून घ्या, उगाच तोंडघशी पडाल.

> तपासा : गाडीला नॉकिंग (इंजिनात ठकठक) येतंय, पिकअप मेलाय, काळा धूर येतोय तर भेसळीची शक्यता. भरल्यावर लगेच धक्के देऊन बंद पडली तर पाणी. गाडी मस्त चालतेय पण काटा वर चढत नाही तर माप.

२. तयारी : भरायच्या वेळच्या सवयी

बिल घ्या. प्रत्येक वेळी. त्यावर पंपाचं नाव, तारीख, वेळ आणि लिटर असतात, कुठला नोझल तेही बऱ्याच ठिकाणी छापून येतं. कागद उडून जातो, म्हणून फोटो काढून ठेवा, थर्मल कागदाची शाई तशीही दोन महिन्यांत उडते.

शून्य बघा, आणि फक्त रुपयांचं नाही तर लिटरचंही. कारवाल्यांनी खाली उतरायचं, काच खाली करून मान वळवून काही दिसत नसतं. पंपावर टँकर खाली होत असेल तर त्या वेळी भरू नका, तळाचा गाळ ढवळला जातो, थोडं थांबा नाहीतर पुढच्या पंपावर जा.

जाता जाता, शंभरऐवजी एकशेदहाचं भरलं की फसवणूक होत नाही, हे डोक्यातून काढून टाका. मशीनला सेटिंग मारलेलं असेल तर ते एकशेदहालाही लागू पडतं. सकाळी थंडगार पेट्रोल जास्त मिळतं हेही तसंच, टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपारी फारसं हलत नाही.

३. फिल्टर पेपर : फक्त पेट्रोलसाठी

शंका आली की गाडी पंपावरच बाजूला घ्या आणि फिल्टर पेपर मागा. पंपावर तो ठेवावाच लागतो आणि ग्राहकाला फुकट द्यावा लागतो. नाही म्हणाले तर ते 'नाही' सुद्धा तक्रारीत लिहायचं.

आधी नोझलचं तोंड कोरड्या फडक्याने पुसून घ्या, हे लोक हमखास विसरतात आणि मग नोझलवरच्या धुळीचा डाग भेसळ म्हणून दाखवत बसतात. मग नोझलमधून एक थेंब कागदावर सोडा आणि दोन मिनिटं हात लावू नका. शुद्ध पेट्रोल उडून जातं, मागे डाग राहत नाही, राहिलाच तर रंगाची हलकीशी गुलाबीसर झाक, ती चालते. रॉकेल असेल तर तेलकट कडा असलेला डाग राहतो, भजी ठेवलेल्या पेपरवर पडतो ना तसाच.

> सावध : डिझेलवर ही टेस्ट करू नका. डिझेल शुद्ध असलं तरी डाग पाडतंच. दर वर्षी कुणीतरी हे करतं आणि पंपवाले हसतात.

आणि कागद स्वच्छ निघाला म्हणजे पेट्रोल शुद्धच, असंही समजू नका. पटकन उडणारं सॉल्व्हंट मिसळलेलं असेल तर तेही उडून जातं, कागदाला कळत नाही. म्हणून पुढची टेस्ट.

४. डेन्सिटी : इथे सगळ्यात जास्त चुका होतात

पंपावर रोज सकाळी डेन्सिटी (घनता, म्हणजे एक घनमीटर इंधनाचं वजन किती किलो) तपासून लिहून ठेवतात, नवीन टँकर आला की परत. ती मशीनवर किंवा बोर्डावर दिसते, वहीतही असते. तुम्ही मागितलं तर तुमच्यासमोर तपासून दाखवायला हवी. सामान त्यांच्याकडेच असतं : ५०० मिलीची काचेची उभी बरणी, हायड्रोमीटर (डेन्सिटी मोजायची तरंगती काचेची नळी, पेट्रोलचा वेगळा, डिझेलचा वेगळा), थर्मामीटर आणि तापमानाचा तक्ता.

असं करायचं. बरणी त्याच पेट्रोलने एकदा विसळून घ्यायला सांगा. नोझल बरणीच्या आत धरून हळू भरा, वरून धार सोडली की फेस येतो आणि हलका भाग उडतो. बरणी सावलीत, सपाट जागी, पंख्यापासून लांब ठेवा. हायड्रोमीटर अलगद सोडा, काचेला चिकटू देऊ नका, तो डुलायचा थांबला की डोळे पातळीवर आणून आकडा वाचा, म्हणजे सरळ खाली बसा, वरून वाकून वाचू नका. काचेला चिकटून जी कड वर चढलेली दिसते ती सोडून द्या, सपाट पृष्ठभागाचा आकडा घ्यायचा. तापमान त्याच वेळी लिहा, पाच मिनिटांनी नाही.

आता मुख्य घोळ. बोर्डावरची डेन्सिटी १५ डिग्री सेल्सियसची असते. तुमच्या बरणीतलं पेट्रोल ३२ डिग्रीचं आहे. गरम झालं की पेट्रोल फुगतं आणि डेन्सिटी उतरते, एका डिग्रीला जवळपास ०.८ ते ०.९ किलो. समजा बोर्डावर ७४६ आहे आणि हायड्रोमीटर ७३१ दाखवतोय. लोक इथेच ओरडायला लागतात, पंधराचा फरक! पण तक्त्यात ३२ डिग्रीला ७३१ शोधलं की १५ डिग्रीची डेन्सिटी ७४५ च्या आसपास निघते, म्हणजे सगळं ठीक. तक्ता न बघता कधीच बोलू नका.

तक्त्याने आलेला आकडा आणि पंपाचा आकडा यांच्यात ३ पर्यंत फरक चालतो, वर किंवा खाली. त्यापेक्षा जास्त असेल तर गंभीर आहे. पेट्रोलची डेन्सिटी मानकाप्रमाणे ७२० ते ७७५ मध्ये बसायला हवी, पण 'रेंजमध्ये आहे ना मग' हे उत्तर घेऊ नका, तुलना त्या दिवशीच्या आणि त्या टाकीच्या आकड्याशीच करायची.

या टेस्टचीही मर्यादा आहे. रॉकेलची डेन्सिटी ८०० च्या आसपास, पेट्रोल ७४५ धरलं तर १० टक्के रॉकेलने आकडा साडेपाचने चढतो, पकडला जातो. पण ५ टक्क्याने जेमतेम पावणेतीन चढतो, म्हणजे नियमात बसला की. आणि हुशार मंडळी जड रॉकेलबरोबर हलका नाफ्था घालून आकडा जागेवर आणतात. म्हणजे डेन्सिटी चुकली तर पंप नक्की अडचणीत, पण बरोबर आली म्हणून शंका सोडून द्यायची नाही, ते काम लॅबचं.

५. पाच लिटरचं माप

शंका मापाची असेल तरच हे. प्रत्येक पंपावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं. आधी शिक्का आणि त्यावरचं वर्ष बघा. माप सपाट जागी ठेवा. कोरड्या मापात लगेच मोजू नका, आतल्या पत्र्याला पेट्रोल चिकटून राहतं, म्हणून एकदा भरून, रिकामं करून, निथळू द्यायचं आणि मगच मोजायचं. मशीनवर ५ लिटर लावा आणि मानेवरच्या रेषेवर पातळी बघा. २५ मिलीपर्यंत फरक नियमात बसतो. त्याहून जास्त कमी पडलं तर पंपाला त्या नोझलची विक्री बंद करायला सांगा आणि तक्रार नोंदवा.

पेट्रोल वाया जात नाही, ते परत टाकीत जातं. 'साहेब नुकसान होतं आमचं' हे ऐकून गप्प बसू नका.

६. पंपावरच लेखी नोंद

तक्रार वही मागा. ती ठेवणं सक्तीचं आहे. त्यात भावना लिहू नका, आकडे लिहा : तारीख, वेळ, बिल नंबर, नोझल नंबर, बोर्डावरची डेन्सिटी, तुमच्यासमोर आलेला हायड्रोमीटरचा आकडा, तापमान, तक्त्यावरून निघालेला आकडा. वहीच्या पानाचा फोटो काढा. फोटो ऑफिसात किंवा बाजूला उभं राहून काढा, नोझलजवळ मोबाईल काढू नका, तिथे पेट्रोलची वाफ असते.

बाटलीत सॅम्पल भरून घेऊ नका. एक तर पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल भरणं धोक्याचं, दुसरं म्हणजे त्या सॅम्पलला काडीची किंमत नाही. २००५ चा मोटर स्पिरिट आणि हायस्पीड डिझेल नियंत्रण आदेश आहे, त्यात अधिकृत माणसानेच सॅम्पल काढायचं, सील करायचं, सह्या घ्यायच्या आणि लॅबला पाठवायचं असं ठरलेलं आहे. तुमचं काम त्या माणसाला लवकरात लवकर पंपावर आणणं. लवकर का, तर संध्याकाळी नवीन टँकर आला की टाकीतलं पेट्रोल बदललं. पंपवाला टँकरच्या मालाचं सॅम्पल जपून ठेवतो, तेही तपासा असं तक्रारीत मुद्दाम लिहा. त्यावरून माल वाटेत बिघडला की पंपावर, हे कळतं.

> सावध : एकटे भिडू नका, आणि आडबाजूला टँकरमधून काही काढताना-घालताना दिसलं तर थांबूसुद्धा नका. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ असाच प्रकार अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांच्या नजरेला पडला, ते थांबले आणि त्यांना जिवंत जाळलं. पुढे जा, सुरक्षित ठिकाणाहून ११२ ला फोन करा.

७. पंपावरून निघाल्यावर : त्याच दिवशी

तेल कंपनीचा टोल फ्री नंबर आणि सेल्स ऑफिसरचा नंबर पंपावर बोर्डावर लिहिलेला असतो, येतानाच फोटो काढून आणा. तिथे तक्रार करून नंबर घ्या. मग जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत असाल तर शिधावाटप कार्यालयात, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, 'देऊन जा, बघतो' म्हणजे पोच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आणि 'आपले सरकार' पोर्टलवर पण टाका, दहा मिनिटांचं काम आहे. सगळीकडे मजकूर एकच ठेवा. एका ठिकाणी तीन वाजता भरलं आणि दुसऱ्या ठिकाणी पाच, असं झालं की तुमचीच तक्रार पातळ होते.

हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो, त्यात कैद होऊ शकते, म्हणून लेखी अर्जाला वजन असतं.

गाडीचं नुकसान भरून हवं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. वस्तूची दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि पेट्रोलचं बिल काही ५ लाखांचं नसतं. त्यासाठी गॅरेजचं पक्कं बिल, काढलेले पार्ट आणि मेकॅनिकचं दोन ओळींचं लेखी मत लागतं. जुना फिल्टर, जुना इंजेक्टर फेकू देऊ नका.

८. गाडी आणि ते पेट्रोल : आरोग्याचा भाग इथे येतो

गाडी बंद पडली की सेल्फ मारत राहू नका. प्रत्येक स्टार्टला खराब इंधन पुढे ढकललं जातं, टाकीपर्यंत असलेलं काम इंजेक्टरपर्यंत जातं. ढकला किंवा टो करा. डिझेल गाडीला तर सेल्फ अजिबात मारू नका, रॉकेलने डिझेलचा बुळबुळीतपणा जातो आणि पंप-इंजेक्टर कोरडे घासतात.

आणि कुणालाही नळी तोंडाने ओढू देऊ नका. माझ्या त्या स्कूटरच्या वेळी गॅरेजमधल्या पोराने नेहमीच्या सवयीने नळी तोंडात धरली आणि एक घोट आत गेला. पोरगं खोकतंय, डोळ्यांतून पाणी, आणि आम्ही तिघं-चौघं मोठी माणसं त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावायच्या बेतात. समोरच्या मेडिकलवाल्याने ओरडून थांबवलं. पेट्रोल असो, रॉकेल असो, उलटी करायला लावायची नाही, कधीच नाही. पोटात गेलेलं त्यामानाने परवडतं, उलटीत ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं आणि तिथे सूज येते, न्यूमोनिया होतो. सरळ दवाखाना. घरात पाण्याच्या बाटलीत रॉकेल ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, लहान मुलांचं असंच होतं. टाकी रिकामी करायला हातपंप मिळतो, स्वस्त असतो, गॅरेजवाल्याकडे नसेल तर तुम्हीच घेऊन द्या.

पार्ट धुवायला ते पेट्रोल वापरू नका. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, मानकात कमाल १ टक्का, आणि बेंझीनमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. भेसळीच्या मालात मानक कुठे राहिलं, सॉल्व्हंट कुठलं आणि त्यात काय, हे मिसळणाऱ्यालाही माहीत नसतं. उघड्या हातांनी, बंद शेडमध्ये, रोज त्यात पार्ट बुडवणाऱ्या माणसाचा विचार करा.

'बघू, चालतेय तोवर संपवून टाकू' हेही नको. बीएस ६ (धुराचे सरकारी नियम) इंधनात, १ एप्रिल २०२० पासून, गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत असतं. रॉकेलला मानकाने ०.२५ टक्क्यापर्यंत, म्हणजे २५०० पीपीएमपर्यंत गंधक चालतं. इंधनात १० टक्के रॉकेल पडलं तर एकूण गंधक २५० पीपीएमच्या घरात जाऊ शकतं, पंचवीस पट. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) या गंधकाने निकामी होत जातो, आणि तो गेला की पुढे तुम्ही कितीही शुद्ध पेट्रोल भरा, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन बाहेर पडतच राहतं. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, त्यात अर्धवट जळणारं रॉकेल आणि जळकं ऑईल घातलं की काजळी वाढते. सिग्नलला मागे उभा असलेला रिक्षावाला ती ओढतो, तुम्ही काच लावून बसलेले असता.

> तपासा : टाकी साफ झाल्यावर, फिल्टर बदलल्यावर, चांगल्या पंपावरचं एक टाकी पेट्रोल संपवून मग पीयूसी करा. जुनी पीयूसी वैध असली तरी करा. आकडे आधीपेक्षा चढलेले दिसले तर कन्व्हर्टर दाखवून घ्या, आणि तो रिपोर्टही फाईलमध्ये लावा.

राहिलं ते काढलेलं पेट्रोल. गटारात ओतू नका, झाडाच्या बुंध्याला नको, मागच्या मोकळ्या प्लॉटवर नको. गटारात वाफ साठून भडका उडतो, आणि मातीत मुरलेलं बोअरच्या पाण्याला वास आणतं, तो वर्षानुवर्षं जात नाही. घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, सावलीत, घराबाहेर ठेवा, वर चिठ्ठी लावा, आणि जळकं ऑईल नेणाऱ्या अधिकृत माणसाकडे जाणाऱ्या गॅरेजला द्या. तक्रार चालू असेल तर देण्याआधी अधिकाऱ्याला लेखी विचारा, काही वेळा ते बघायला मागतात. माझे दोन लिटर तेव्हा गॅरेजच्या मागच्या नाल्यात गेले, आणि मी तिथेच उभा होतो.